मदत की काम? अपंग बांधवांपुढील पेच

भारतीय संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात कामाचा हक्क, शिक्षणाचा हक्क आणि बेकारी, वार्धक्य, आजार व अपंगत्व अशा प्रसंगी सार्वजनिक साहाय्याचा हक्क या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी सांगितल्या आहेत. राज्याने आपल्या आर्थिक क्षमतेनुसार त्यांची तरतूद करावी, असे हे मार्गदर्शक तत्त्व आहे. काम आणि मदत ही एकमेकांची वैरी आहेत, असे संविधान मानत नाही. प्रत्यक्षातील नियम मात्र अपंग माणसाला दोहोंपैकी एकच निवडावयास लावतात. हा पेच सभासदांनी व विद्यार्थ्यांनी समजून घ्यावा, हा या पाठाचा हेतू आहे.

१. नियम काय आहे?

महाराष्ट्रात १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना चालू आहे. किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या, १८ ते ६५ वर्षे वयाच्या गरजू व्यक्तीला तिचा लाभ मिळू शकतो. अर्ज तहसील कार्यालयामार्फत होतो. अपंग लाभार्थींना पूर्वी दरमहा १,५०० रुपये मिळत. २०२५ च्या शासन निर्णयाने ही रक्कम २,५०० रुपये झाली. मात्र कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत असावे लागते.

ही मर्यादा किती तोकडी आहे पाहा. २०२५-२६ मध्ये राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्या दराने घरातील एकट्या माणसाने वर्षात १६१ दिवस काम केले, तरी ती ओलांडली जाते. म्हणजे भावाच्या मजुरीमुळेही बहिणीचे अनुदान अडू शकते.

२. हिशेब

समजा, तासगाव भागातील एका कुटुंबाचे उत्पन्न ४८,००० रुपये आहे. घरातील अपंग मुलीला अनुदानाचे वर्षाला ३०,००० रुपये मिळतात. एकूण झाले ७८,०००. तिला बेदाणा निवडण्याचे बसून करण्याजोगे काम मिळाले व त्यातून वर्षाला २४,००० रुपये येऊ लागले. आता उत्पन्न ७२,००० झाले आणि नियमाप्रमाणे अनुदान बंद. वर्षभर राबून घरात ६,००० रुपये कमीच आले! जाण्यायेण्याचा खर्च वेगळाच.

शिवाय बेदाण्याचे काम हंगामी. हंगाम संपला, की पुन्हा अर्ज, पुन्हा दाखले, पुन्हा मंजुरीची वाट. साताऱ्याच्या माण-खटावसारख्या किंवा सांगलीच्या जत-आटपाडीसारख्या दुष्काळी तालुक्यांत कामाची शाश्वती त्याहून कमी. अशा वेळी कोणी घरी बसले, तर त्याला आळशी म्हणू नये. तो हिशेब करतो आहे. कोणी काम लपविले, तर हजेरीपटावर नाव नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही आणि मालकाने मजुरी बुडविली तरी दाद मागण्याची सोय नाही.

३. कामामुळे काय जात नाही?

अज्ञानामुळे सर्वच सवलती जातील, अशी भीती बाळगू नये. अपंगत्वाचे प्रमाणपत्र व ओळखपत्र नोकरी लागल्याने रद्द होत नाही. एस.टी. प्रवासातील ७५ टक्के सवलत उत्पन्नावर अवलंबून नाही. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के आरक्षण दिले आहे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी अपंगांसाठी खर्च करावयाचा असतो. ग्रामसभेत त्याचा हिशेब मागता येतो.

४. उपाय

अमेरिकेतील पूरक उत्पन्न योजनेत महिन्याच्या कमाईतील पहिले ६५ डॉलर धरलेच जात नाहीत. पुढील कमाईच्या निम्मीच रक्कम मदतीतून वजा होते. म्हणजे काम केल्यास हाती काही तरी अधिकच उरते. आपल्याकडेही अशा तीन मागण्या करता येतील :

(अ) अपंग व्यक्तीची स्वतःची काही कमाई उत्पन्नात धरू नये.
(आ) मर्यादा ओलांडताच अनुदान एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने कमी करावे.
(इ) काम सुटल्यास नवा अर्ज न घेता जुने अनुदान पूर्ववत सुरू करावे.

तोपर्यंत प्रत्येक सभासदाने आपल्या वस्तीतील अपंग बांधवाला काम स्वीकारण्यापूर्वी हा हिशेब कागदावर मांडून द्यावा, तहसील कार्यालयात ताजा नियम विचारावा आणि मंजुरीचे कागद जपून ठेवण्यास सांगावे.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न : वरील उदाहरणातील मुलीला काम करून तोटा होऊ नये, यासाठी तिची वार्षिक कमाई किमान किती असावी? तेवढी मजुरी आपल्या तालुक्यात कोणत्या कामात मिळते? चौकशी करून लिहा.