पदापेक्षा पदवी मोठी असते तेव्हा

आपल्यापैकी अनेकांच्या घरात असा एक तरी तरुण आहे, ज्याने अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि आज तो लिपिकाच्या टेबलावर बसतो. कदाचित तो तरुण म्हणजे आपण स्वतःच असाल. २०१५ साली उत्तर प्रदेशच्या सचिवालयात शिपायांच्या ३६८ जागा निघाल्या, तेव्हा २३ लाखांहून अधिक अर्ज आले. पाचवी उत्तीर्ण आणि सायकल चालवता येणे एवढीच अट होती. अर्जदारांमध्ये २५५ जण पीएच.डी. झालेले होते.

हा प्रश्न रोजगाराचा आहे आणि तो त्याच मार्गाने सुटला पाहिजे. ‘मिळाले त्यात समाधान माना’ असे सांगून तो मिटवणे मला तरी योग्य वाटत नाही. आजच्या पाठात मात्र आपण पुढची गोष्ट पाहणार आहोत. अशी नोकरी लागल्यावर त्या माणसाजवळच्या ज्ञानाचे काय होते?

समजा, एका कार्यालयात दर महिन्याचे हिशेब जुळवायला तिघांना दोन दिवस लागतात. नव्याने आलेला अभियंता लिपिक संगणकावर एक तक्ता बनवतो आणि आपल्या वाट्याचे काम अर्ध्या तासात संपवतो. शेजारच्या टेबलावरच्या ज्येष्ठ मॅडम विचारतात, “अरे, हे तू कसं केलंस? मलाही दाखव ना.” तो म्हणतो, “दाखवतो मॅडम, सवडीनं.” ती सवड वर्षभर येत नाही.

हा मुलगा वाईट आहे का? मुळीच नाही. तो दुखावलेला आहे. त्याच्या मनात सतत एकच वाक्य घोळत असते, ‘ही माझी खरी जागा नव्हे.’ दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी सैनिकांचा एक मोठा अभ्यास १९४९ साली प्रसिद्ध झाला. हवाई दलात बढत्या भराभर मिळत, लष्करी पोलिसांत त्या फार कमी मिळत. तरीही बढतीबद्दल अधिक तक्रार हवाई दलातलेच करत होते. दुःख केवळ किती मिळाले यावर ठरत नाही, आपण स्वतःला कोणाशेजारी उभे करतो यावरही ठरते. आपला लिपिकही स्वतःला मॅडमशेजारी उभे करत नाही. तो बंगळूरला गेलेल्या वर्गमित्राशेजारी उभा राहतो, आणि त्या तुलनेची किंमत मात्र मॅडम मोजतात.

ज्ञान राखून ठेवण्याच्या तऱ्हा कोणत्या? कॅनडातील कॅथरीन कॉनेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली तीन तऱ्हा मांडल्या. पहिली टोलवण्याची: अर्धवट सांगायचे किंवा ‘नंतर’ म्हणायचे. दुसरीसाठी आपल्या भाषेत तयार शब्दच आहे, वेड पांघरणे. माहीत असून ‘मला नाही बुवा ठाऊक’ म्हणायचे. तिसरी सबब सांगण्याची: ‘साहेबांनी सांगू नका म्हटलंय.’ तिसऱ्या तऱ्हेत कधी कधी सबब खरीही असते, हे लक्षात ठेवा. गोपनीय कागद न दाखवणे हा दोष नव्हे. पण पहिल्या दोन तऱ्हा आपण कधी वापरल्या, हे ज्याचे त्याने शांतपणे आठवून पाहावे.

आता दुसरी बाजू पाहू. मॅडमना तक्ता येत नाही, पण कोणते बिल कोषागारातून कोणत्या आक्षेपासह परत येते, हे त्यांना फाईल हातात घेताच कळते. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी आलेल्या विधवेला आधी पाणी द्यायचे आणि मग कागद मागायचे, हे त्यांना कोणत्या अभ्यासक्रमाने शिकवलेले नाही. मायकेल पोलान्यी या विचारवंताने १९६६ सालच्या पुस्तकात अशा ज्ञानाचा विचार केला आहे. ते माणसाजवळ असते, पण शब्दांत पूर्णपणे मांडता येत नाही. ते शेजारी बसूनच उचलावे लागते. आणि ज्याने ‘सवडीनं’ म्हणून दार लावून घेतले, त्याला शेजारी बसवून कोण घेईल? ज्ञान राखणाऱ्याचे खरे नुकसान येथे होते. शिकवले नाही म्हणून त्याला शिकताही येत नाही, आणि पाच वर्षांनी तो त्याच तक्त्यासह तेथेच बसलेला असतो.

विराटाच्या घरचे पांडव आठवा. भीम स्वयंपाकघरात, नकुल घोड्यांपाशी, सहदेव गुरांपाशी. पदापेक्षा योग्यता मोठी असण्याचे याहून ठळक उदाहरण सापडणार नाही. त्यांतील अर्जुनाकडे पाहा. बृहन्नडा होऊन त्याने उत्तरेला नृत्य आणि गायन शिकवले, जे त्याने स्वतः चित्रसेन गंधर्वाकडून घेतले होते. ‘मी धनुर्धर, मुलींना नाच काय शिकवू?’ असे म्हणून त्याने ती विद्या झाकून ठेवली नाही. अर्थात त्यांना एकच वर्ष काढायचे होते. आपल्याला कदाचित तीस वर्षे काढायची आहेत, म्हणून आपली परीक्षा अधिक लांबलचक आहे.

आपण वरिष्ठ असाल, तर थोडे आपल्यासाठीही. तुर्कस्तानातील कपड्यांच्या दुकानांतील विक्रेत्यांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना आपण कामापेक्षा जास्त पात्र आहोत असे वाटत होते, त्यांची विक्री उलट चांगली होती. निर्णय घेण्याची मोकळीक मिळाली की त्यांचे असमाधानही कमी दिसले. म्हणून तक्ता बनवणाऱ्याला तो सर्वांना शिकवायला एक दुपार द्या, आणि टिपणीत त्याचे नाव लिहा. ‘तुला येतंय ना, मग तूच कर’ म्हणत साऱ्या विभागाचे काम त्याच्या गळ्यात घातलेत, तर पुढच्या वेळी तो नक्कीच वेड पांघरील आणि दोष आपला असेल.

या आठवड्याचा स्वाध्याय: कार्यालयात शिक्षणाने आपल्यापेक्षा कमी असलेल्या एका सहकाऱ्याकडे जा आणि त्याच्या कामातील आपल्याला खरोखर न येणारी एक गोष्ट विचारा. तो सांगत असताना मध्ये बोलू नका. त्याने आपल्याला काही विचारले, तर ‘सवडीनं’ हा शब्द न वापरता त्याच दिवशी, त्याच्या टेबलाशी जाऊन, माउस त्याच्याच हातात ठेवून दाखवा. रात्री वहीत दोन ओळी लिहा: काय मिळाले, आणि विचारताना जीभ कोठे अडली.