खिडक्या बंद, मग हवेचं काय?

प्रश्न : समोर बांधकाम सुरू असल्याने धुळीमुळे दिवसभर खिडक्या बंद ठेवतो. रात्री एसी आणि डासांची कॉइल असते. सकाळी डोकं जड होतं. काय करावं? – एक वाचक, पुणे

उत्तर : स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून परत सोडतो, बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. बंद खोलीत उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड साचतो आणि डोकं जड होऊ शकतं. कॉइलच्या धुरातले सूक्ष्म कण त्यात भर घालतात. कॉइल आजच बंद करा, मच्छरदाणी लावा.

बांधकाम थांबलेलं असताना, पहाटे किंवा रात्री, समोरासमोरच्या खिडक्या १०-१५ मिनिटं उघडा. झोपताना खोलीचं दार किलकिलं ठेवा. स्वयंपाक करताना एक्झॉस्ट फॅन लावा. झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा, एसीची जाळी दर पंधरवड्याला धुवा. हेपा फिल्टरचा प्युरिफायर धूळ अडवतो, कार्बन डायऑक्साइड नाही. कुंड्यांतल्या झाडांनीही हवा फारशी शुद्ध होत नाही.

बाथरूममध्ये गॅस गीझर असेल, तर तिथला हवेचा झरोका कधीही बंद करू नका. गीझरच्या ज्वलनातून निघू शकणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तो जीव घेतो. डोकेदुखी तरीही राहिली, तर डॉक्टरांना नक्की दाखवा.