जुन्या मोटारसायकलची ठिणगी

बरीच वर्षे उभी असलेली मोटारसायकल घरी दुरुस्त करताना एक अनुभव हमखास येतो. टाकीतला गंज काढला, तेल बदलले, ताजे पेट्रोल भरले, तरी किक मारल्यावर इंजिन गप्पच! ठिणगी पडत नाही. मग पुष्कळजण प्लग, कॉइल, बॅटरी असे एकेक भाग बदलत सुटतात. ठिणगी कशी निर्माण होते हे ठाऊक असेल, तर हा खर्च बहुधा वाचतो.

जुन्या अनेक गाड्यांची बॅटरी केवळ ६ व्होल्टची असते. ठिणगीला मात्र हजारो व्होल्ट लागतात. ते येतात कोठून? फॅरेडे यांनी १८३१ साली शोधलेल्या विद्युत्-चुंबकीय प्रवर्तनातून. कॉइलमध्ये लोखंडी गाभ्यावर तारेची दोन वेटोळी असतात. बॅटरीचा प्रवाह पहिल्या वेटोळ्यातून वाहतो व चुंबकीय क्षेत्र तयार होते. ‘पॉइंट’ उघडताच प्रवाह तुटतो, क्षेत्र झटकन नाहीसे होते आणि कितीतरी अधिक वेढ्यांच्या दुसऱ्या वेटोळ्यात प्रचंड विद्युत्-दाब निर्माण होतो. म्हणजे ठिणगी पडते ती प्रवाह सुरू होताना नव्हे, तुटताना!

आता दोष शोधू. गाडी पडून राहिली की पॉइंटांवर ऑक्साइडचा थर चढतो. रोध वाढतो, प्रवाह घटतो व क्षेत्र दुबळे होते. बारीक पॉलिश पेपरने पॉइंट घासून स्वच्छ फडक्याने पुसावेत. मग फीलर गेजने फट तपासावी. जुन्या बुलेट ३५० मध्ये पॉइंट पूर्ण उघडल्यावर ती ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवतात. फट फार मोठी असली, तर पॉइंट थोडाच वेळ मिटलेले राहतात व प्रवाह पुरेसा वाढत नाही.

पॉइंटांवरच मोठ्या ठिणग्या दिसल्या, तर कंडेन्सर तपासावा. तुटणारा प्रवाह क्षणभर आपल्याकडे घेऊन तो पॉइंटांमधील ठिणगी आवरतो, त्यामुळे प्रवाह चटकन तुटतो.

प्लग बाहेर काढून पाहिला तर ठिणगी पडते, पण गाडी सुरू होत नाही, असेही घडते. सिलिंडरमध्ये वायू दाबला गेल्याने त्याचे रेणू दाटीने असतात; तेथे ठिणगीला अधिक दाब लागतो. तेव्हा उघड्यावरची फिकी ठिणगी पुरेशी समजू नये.

ही तपासणी जाणकार वडीलधाऱ्यांसमवेतच करावी. पेट्रोल दूर ठेवावे. प्लगच्या तारेस हात लावू नये.

विचार करा: चार धावांच्या एका सिलिंडरच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक ठिणगी पडते. मिनिटाला ३००० फेऱ्या होत असतील, तर सेकंदाला ठिणग्या किती? (उत्तर: २५)