सरकारी नोकर आणि निवडणुकीची उमेदवारी

पंचायतीची निवडणूक जवळ आली की गावातील एखाद्या शिक्षकाचे, तलाठ्याचे वा कारकुनाचे नाव लोकांच्या तोंडी येऊ लागते. माणूस परिचयाचा व कामाचा असतो. मग त्याने उभे का राहू नये, असा प्रश्न साहजिकच निघतो.

संविधानाच्या अनुच्छेद १०२ अन्वये संसदेसाठी व अनुच्छेद १९१ अन्वये विधानसभेसाठी, शासनाच्या अधीन लाभाचे पद धारण करणारी व्यक्ती अपात्र ठरते. कायद्याने सूट दिलेली पदे तेवढी वगळली आहेत. विधानसभेस जो कायद्याने अपात्र, तो पंचायतीसही अपात्र, अशी तरतूद ७३ व्या घटनादुरुस्तीने (अंमल २४ एप्रिल १९९३) केली. वयाची अट मात्र पंचायतीसाठी २१ वर्षांची आहे.

प्रत्येक सार्वजनिक नोकरी म्हणजे शासनाच्या अधीन पद नव्हे. आंध्र प्रदेशातील एकात्मिक आदिवासी विकास संस्थेच्या शाळेत शिक्षक असलेल्या उमेदवाराचे पद शासनाधीन लाभाचे पद नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली दिला. नेमणूक कोण करतो, काढून कोण टाकू शकतो, वेतन कोठून येते व कामावर नियंत्रण कोणाचे, या गोष्टी न्यायालय एकत्र पाहते. अनुदानित शाळेतील शिक्षकाने मात्र या निर्णयावर सर्वस्वी विसंबू नये. संस्थेचे सेवानियम व पंचायत कायद्यातील अपात्रतेचे कलम ही दोन्ही पाहावीत.

शासकीय कर्मचाऱ्यास उभे राहावयाचे असेल तर नोकरी सोडण्यावाचून मार्ग नाही. रजा घेऊन भागत नाही, कारण रजेवरील माणूसही पद धारण करतोच. नुसता राजीनामा टपालात टाकूनही भागत नाही. तो सक्षम अधिकाऱ्याने स्वीकारलेला असावा लागतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ३६ प्रमाणे पात्रता पाहिली जाते ती नामनिर्देशनपत्रांच्या छाननीच्या दिवशी. त्या दिवशी स्वीकृतीचा आदेश हाती नसेल तर वर्षानुवर्षांची नोकरी पणास लावूनही अर्ज फेटाळला जाण्याचा धोका राहतो. ऐच्छिक निवृत्तीस सामान्यतः तीन महिन्यांची सूचना लागते, हेही आधीच ध्यानात घ्यावे.

राजीनाम्याच्या तारखेचे महत्त्व रायबरेलीच्या खटल्यात साऱ्या देशाने पाहिले. पंतप्रधानांच्या सचिवालयातील अधिकारी यशपाल कपूर यांनी १३ जानेवारी १९७१ रोजी राजीनामा दिला. तो १४ तारखेपासून स्वीकारल्याची अधिसूचना २५ जानेवारीची होती. मधल्या काळात ते सरकारी नोकरच होते, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाने १२ जून १९७५ रोजी ठरविले. श्रीमती इंदिरा गांधी यांची निवड रद्द होण्याच्या कारणांपैकी हे एक होते. पुढे कायद्यात दुरुस्ती झाली आणि ७ नोव्हेंबर १९७५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. पण बारा दिवसांच्या कागदी विलंबाने केवढा वाद उभा राहिला!

स्वतः उभे न राहणाऱ्यांनाही बंधने आहेत. गोवा शासनाच्या कर्मचाऱ्यांना लागू असलेल्या केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील नियम ५ प्रमाणे राजकीय पक्षाचे सदस्यत्व व प्रचार वर्ज्य आहे. मतदान करता येते. परंतु मत कोणाला दिले वा देणार, हे सूचित करता येत नाही. घरावर किंवा स्कूटरवर निवडणूक चिन्ह लावणे हेदेखील आपल्या वजनाचा वापर करणेच समजले जाते.

आपल्याकडे नेहमी विचारले जाते : पत्नी उभी राहिली तर? पती नोकरीत आहे एवढ्या कारणाने ती अपात्र होत नाही. मात्र पतीने सूचक म्हणून तिच्या अर्जावर सही करू नये, तिच्यासाठी मते मागत फिरू नये. संसद वा विधानसभेच्या निवडणुकीत तो मतदान प्रतिनिधी किंवा मतमोजणी प्रतिनिधी म्हणून बसला, तर कलम १३४-अ खाली तीन महिन्यांपर्यंत कारावास, दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.