ओसरीवरची तसबीर

वारकऱ्याच्या घरी ओसरीवर बहुधा दोन तसबिरी असतात. एक तुकोबारायांची आणि दुसरी घरातल्या कुणा वडीलधाऱ्याची. पहिलीपुढे रोज उदबत्ती लागते; दुसरीला पितृपंधरवड्यात हार पडतो, एरवी तिच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. आज विचार करावयाचा आहे तो दुसरीचा. पण सुरुवात पहिलीपासूनच केलेली बरी.

तुकोबाराय १६५० च्या सुमारास वैकुंठास गेले. प्रकाशचित्राची कला जगापुढे आली ती १८३९ साली. मग आपल्या तसबिरीतला तो चेहरा कुणाचा? पुष्कळ घरांत तो विष्णुपंत पागनीस यांचा आहे. १९३६ साली प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ हा बोलपट निघाला. त्यात पागनिसांनी तुकोबांची भूमिका केली, आणि भाविकांनी तेच रूप भिंतीवर लावले. यात काही बिघडले, असे मला वाटत नाही. महाराजांचे बोल आपल्याजवळ आहेत. चित्रकाराने रूप कसेही काढो, गाथा उघडली की महाराज भेटतात.

पणजोबांचे नेमके उलट होते. चेहरा अगदी खरा, मिशीचा पीळसुद्धा खरा. पण बोल एकही उरलेला नाही. नाव विचारावे तर नातवंडे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. श्राद्धात पिता, पितामह, प्रपितामह अशा तीनच पिढ्यांची नावे घेतात. त्याबरोबर माता, पितामही, प्रपितामही यांची. त्यापलीकडचे नाव जिभेवरून उतरले की उतरलेच. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत ते कदाचित सापडेल. पण सापडलेले नाव भिंतीवरच्या कोणत्या चेहऱ्याला जोडावे, हे चोपडी सांगत नाही.

ही गोष्ट मी दुसऱ्याच्या घरची सांगत नाही. आमच्याच ओसरीवर शंभर वर्षांपलीकडची एक तसबीर आहे. खुर्चीवर पणजोबा, शेजारी पणजी, दोघांच्या मध्ये सहा-सात वर्षांचे आजोबा, मागे खांब आणि वेली रंगवलेला पडदा. सगळ्यांचे चेहरे कसे ताठ! त्या काळच्या काचा मंद असत, काही सेकंद हलायचे नाही, म्हणून हसू कुणाच्याच तोंडावर नाही. आणि अगदी उजव्या कडेला एक बाई उभी आहे. डोक्यावर पदर, कपाळ मोकळे, गळ्यात माळ. अर्धे अंग चौकटीच्या लाकडाखाली गेलेले. आम्ही लहानपणी विचारले तर उत्तर मिळे, “असेल कुणी शेजारीण.” वडिलांनाही ठाऊक नव्हते. पुढे चुलतभावाने तसबिरीची नवी प्रत करवून घेतली, तेव्हा काढणाऱ्याने कडेची बाई नको म्हणून कापूनच टाकली. चित्र कसे नीटनेटके झाले, असे सर्वांनी म्हटले. मीही म्हटले. लपवायचे कशाला?

पुढे एका आषाढी वारीत नातेपुत्याच्या मुक्कामी मी आत्याकडे उतरलो. आत्या ऐंशीच्या पुढची, डोळ्यांनी अधू, पण आठवण खणखणीत. सहज मोबाइलमध्ये घेतलेली मूळ तसबीर तिला दाखवली. तिने ती डोळ्यांशी नेली आणि एकदम म्हणाली, “अरे, ही तर माळकरीण आजी!”

“कोण माळकरीण आजी?”

“तुझ्या पणजोबांची थोरली बहीण. लवकर कपाळ पांढरे झाले, ती माहेरीच राहिली. फोटोत बसायला तयार नव्हती. म्हणायची, शुभाच्या ठिकाणी माझे काय काम? तुझ्या पणजोबाने हाताला धरून ओढून आणली, तरी कडेलाच उभी राहिली बघ.” मग थोडे थांबून म्हणाली, “डोक्यावर तुळस घेऊन जायची ती पंढरीला. पणजोबा कुठला जातोय वारीला! त्याला तालीम आणि कोर्टकचेरी. हिचे पाय थकले तेव्हा हिने त्याच्या गळ्यात माळ घातली. म्हणाली, दादा, आता माझे पाय तू घे.”

आम्ही चार पिढ्या अभिमानाने सांगत आलो की आमच्या घरची वारी पणजोबांपासूनची. जिच्यापासून ती आली, तिलाच आम्ही कात्रीने बाहेर काढले होते. त्या रात्री मला झोप आली नाही. आत्या मात्र कुशीवर वळून घोरू लागली.

आता तसबिरीच्या जतनाविषयी थोडे. जुन्या प्रकाशचित्रातली प्रतिमा ही चांदीच्या बारीक कणांची असते. ओल आणि धूर लागला की ती कडेपासून पिवळी पडत जाते, आणि ऊन लागले की कागद अन् रंग दोन्ही जातात. चिकटवायची खळ आणि वरचा सरसाचा थर कसरीला फार आवडतो. म्हणून मूळ चित्र समईच्या किंवा चुलीच्या भिंतीवर नसावे, पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर तर नसावेच. गंध लावायचे ते काचेवरसुद्धा ओले लावू नये, ओघळ चौकटीत शिरतो. चित्र काचेला चिकटले असेल तर ओढून काढू नका. वरचा थर काचेबरोबर येतो आणि चेहराच जातो. तसेच राहू द्यावे आणि जाणत्याला दाखवावे. उत्तम म्हणजे प्रत काढून ती भिंतीवर लावावी, आणि मूळ चित्र साध्या पांढऱ्या कागदात गुंडाळून कोरड्या जागी आडवे ठेवावे. प्रत काढताना मात्र कडेपासून कडेपर्यंत काढावी. चौकटीखाली काय आहे, ते आधी चौकट उघडून पाहावे.

आणि मागच्या बाजूस नावे लिहावीत. शाईने नव्हे, शाई पुढच्या बाजूस फुटते. मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने. डावीकडून कोण, उजवीकडून कोण, कोणत्या गावची लेक, कोणाच्या गळ्यातली माळ कोणाला आली. स्त्रियांचे माहेरचे नाव अवश्य लिहावे, कारण पहिल्यांदा विसरले जाते ते तेच. घरात जे सर्वांत वृद्ध माणूस असेल त्याच्याजवळ तसबीर घेऊन बसावे. दिवाळीची वाट पाहू नये. भावाभावांत वाटणी होताना तसबीर एकाकडे जाते, पण नावांची वाटणी सर्वांना सारखी करता येते. त्याला मोजणीदार लागत नाही.

आत्या त्यानंतरची आषाढी पाहायला राहिली नाही. आमच्या तसबिरीची चौकट मी रुंद करून घेतली आहे. आता माळकरीण आजी पूर्ण दिसते, हातातल्या टाळासकट. तो टाळ लाकडाखाली होता, हे आत्यालाही ठाऊक नव्हते. चुलतभावाकडे नवी प्रत पाठवली, तेव्हा त्याने विचारले, जुनी आता काय करू? मी म्हटले, राहू दे, तीही लाव शेजारी.