परसातील उंदीर-घुशी आणि घरगुती बंदूक

परसात घुशींनी माती उकरून ढीग घातले, कोंबड्यांच्या खुराड्यातील पिले नाहीशी होऊ लागली, माळ्यावरील शेंगांची टरफलेच तेवढी हाती येऊ लागली, म्हणजे घरातील तरुण मंडळींचे लक्ष साहजिकच बंदुकीकडे वळते. विकत मिळणारी छऱ्याची बंदूक परवडत नसेल, तर जुने नळ, सायकलचा पंप व प्लॅस्टिकचे पाईप जोडून घरच्या घरी हवेची बंदूक तयार करण्याचा खटाटोप सुरू होतो. या खटाटोपामागील कल्पकता कौतुकास पात्र आहे, परंतु तिने उंदीर मात्र कमी होत नाहीत. ते का कमी होत नाहीत, हे समजण्यासाठी प्रथम या प्राण्याची राहणी पाहिली पाहिजे.

घराच्या परिसरात मुख्यत्वे तीन प्रकार आढळतात. आढ्यावर व माळ्यावर वावरणारा घरउंदीर, फडताळात व धान्याच्या कोपऱ्यात राहणारी लहान चिचुंदरीएवढी उंदरी, आणि भिंतीचा पाया पोखरणारी घूस. तिन्ही प्रकार प्रामुख्याने रात्री बाहेर पडतात आणि भिंतीच्या कडेकडेनेच धावतात. मोकळ्या जागी ते क्वचितच थांबतात. दिवसा दृष्टीस पडणारा उंदीर हा बहुधा भुकेला, आजारी, किंवा गर्दीमुळे बिळाबाहेर हुसकला गेलेला असतो. म्हणजे नेम धरणाऱ्याच्या वाट्यास येतात ते हेच मोजके जीव. पोसलेल्या माद्या बिळातच सुरक्षित असतात. मादीचा गर्भकाळ अवघा तीन आठवड्यांचा, एका वेतात पाच-सहा किंवा त्याहून अधिक पिले, आणि ती पिले सुमारे तीन महिन्यांत स्वतः विण्यास योग्य होतात. आठवड्यास दोन उंदीर टिपणाऱ्या नेमबाजाने हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. शिवाय मारलेल्या उंदराची जागा रिकामी राहत नाही. बीळ शाबूत असेल व खाद्य उघडे असेल, तर शेजारच्या उकिरड्यावरील दुसरा उंदीर थोड्याच दिवसांत तेथे वस्तीस येतो.

जखमी होऊन निसटलेला उंदीर ही आणखी एक आपत्ती होय. तो कौलाखाली वा भिंतीच्या पोकळीत जाऊन मरतो, आणि उंदीर मेला की त्याच्या अंगावरील पिसवा थंड होत चाललेले शरीर सोडून दुसरा आसरा शोधतात. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी आधी पिसवांचा उपद्रव व उंदीर मरून पडणे हे प्रकार दिसून आले व त्यापाठोपाठ गाठीच्या तापाचे रुग्ण आढळले, हे जुन्या मंडळींच्या स्मरणात असेल. यास्तव कोणत्याही गावी कारणाशिवाय उंदीर मरू लागल्यास त्यांना हात न लावता आरोग्य केंद्रास वर्दी द्यावी. अशा वेळी प्रथम पिसवांचा नाश करावयाचा असतो, उंदरांचा नंतर.

आता धोक्याविषयी. कारखान्यात तयार झालेल्या हवेच्या बंदुकीचा जोर व नळीचा व्यास ठरलेला असतो. घरी जोडलेल्या बंदुकीत हवेचा दाब किती साठला आहे, हे ती बनविणाऱ्यासही सांगता येत नाही. प्लॅस्टिकचे पाईप पाण्यासाठी असतात. दाबलेली हवा सोसण्यासाठी ते बनविलेले नसतात, आणि फुटले म्हणजे त्यांच्या धारदार ठिकऱ्या प्रथम बंदूक धरणाऱ्याच्याच तोंडावर येतात. परसात दगडी भिंत, पाण्याची टाकी, पत्र्याचे कुंपण असते. त्यांवर आपटलेला छरा कोणत्या दिशेस परतेल याचा नेम नाही. हवेच्या बंदुका शस्त्रविषयक कायद्याच्या कक्षेत येतात, हेही ध्यानात ठेवावे.

याच जातीचे दुसरे साधन म्हणजे कार्बाईडची तथाकथित बंदूक. कार्बाईड व पाणी यांच्या संयोगाने निघणाऱ्या वायूचा स्फोट घडवून त्याच्या आवाजाने वानरे व पाखरे पळवून लावावीत, या हेतूने काही भागांतील शेतकरी ती वापरीत असत. शेतातील हे साधन बाजारात खेळणे म्हणून आले, आणि २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात, विशेषतः भोपाळ व आसपास, शंभराहून अधिक जणांच्या डोळ्यांस इजा झाली. त्यांत मुलांचा भरणा मोठा होता, आणि काहींची दृष्टी गेली. स्फोट का झाला नाही म्हणून पाईपात डोकावणे आणि त्याच क्षणी तो होणे, असा प्रकार अनेकांच्या बाबतीत घडला. वानर मात्र चार दिवसांत त्या आवाजास सरावते. कार्बाईड वा चुना डोळ्यात गेल्यास डोळा चोळू नये. दिसणारे कण अलगद काढून स्वच्छ पाण्याच्या धारेखाली बराच वेळ धुवावा व तडक नेत्रतज्ज्ञाकडे जावे. छरा लागलेला डोळा मात्र धुऊ अगर दाबू नये. त्यावर दाब न पडेल असे वाटीसारखे झाकण ठेवून रुग्णालय गाठावे.

हाती बंदूक आली की ती उंदरापुरती राहत नाही, असा सार्वत्रिक अनुभव आहे. खार, पोपट, भारद्वाज, अखेर घुबड, जे समोर येईल त्यावर नेम धरला जातो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ अन्वये यांची शिकार हा गुन्हा आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने तर तो तोटाही आहे. गव्हाणी घुबडाच्या आहारात उंदरांचाच भाग मोठा असतो. धामण बिळात शिरून पिलांसह उंदीर खाते, आणि मुंगूस ज्या बांधावर वावरतो तेथे घुशी फारशा टिकत नाहीत. अपशकुनी म्हणून घुबडास व साप म्हणून धामणीस मारणारे घर उंदरांस जणू अभयच देते.

बंदोबस्ताचा आरंभ खाद्यापासून करावा. कोंबड्यांचे उरलेले दाणे सायंकाळी झाडून घ्यावेत, गोठ्यातील पेंड झाकणाच्या पिंपात ठेवावी, सरपणाचा ढीग भिंतीपासून दूर रचावा. दाराखालील फट पाव इंचाहून कमी करावी, कारण तेवढ्या फटीतून लहान उंदरी सहज शिरते. त्यानंतर बिळे मोजावीत. पहिल्या दिवशी सर्व बिळांची तोंडे मातीने लिंपून टाकावीत. दुसऱ्या दिवशी जी पुन्हा उघडलेली दिसतील, तीच वस्तीची बिळे. एवढी साधी गोष्ट न केल्यामुळे पुष्कळदा ओस पडलेल्या बिळांपुढे सापळे मांडले जातात व सापळ्यास दोष दिला जातो.

सापळा हे परसासाठी सर्वांत उत्तम साधन होय. उंदीर नव्या वस्तूस बिचकतो, म्हणून पिंजरा किंवा चाप पहिल्या दोन-तीन रात्री न लावता, नुसते आमिष ठेवून तसाच उघडा ठेवावा. भजी, भाजलेले खोबरे किंवा सुकट यांपैकी जे त्या घरात उंदीर खातात तेच आमिष वापरावे. सापळा भिंतीला लागून ठेवावा, अंगणाच्या मध्यावर नव्हे. ज्यांना काही घडविण्याची हौस आहे, त्यांच्यासाठी तंजावर भागातील बांबूचा धनुष्य-सापळा पाहण्याजोगा आहे. वाकविलेल्या कामट्यांच्या ताणावर चालणारा हा सापळा कावेरीच्या भातशेतीत फार दिवसांपासून वापरात आहे. त्यास छरा लागत नाही व रात्री जागावेही लागत नाही. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर दूर नेऊन सोडणे ही भूतदया नव्हे. ती शेजाऱ्यास पाठविलेली भेट होय.

विषाचा उपयोग शेवटी व जपून करावा. झिंक फॉस्फाईड त्वरित मारते, परंतु थोडे खाऊन वाचलेला उंदीर पुन्हा त्या आमिषास तोंड लावीत नाही. त्यावर उतारा नाही, आणि जेथे मुले, कुत्री व कोंबड्या वावरतात त्या परसात ते वापरूच नये. ब्रोमॅडिओलोनचे ०.००५ टक्के तयार आमिष काही दिवसांनी परिणाम करीत असल्याने उंदरास संशय येत नाही. ते वस्तीच्या बिळात आत सारून तोंड बुजवावे. उघड्यावर ठेवू नये. चुकून पोटात गेल्यास वेष्टन बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जावे. यावर के-१ जीवनसत्त्वाचा उतारा आहे. विष खाऊन मेलेले उंदीर खोल पुरावेत, अन्यथा तेच घुबडाच्या पोटात जातात.

कोकणातील परसात माडावरील उंदराचा प्रश्न निराळा आहे. तीन ते सहा महिन्यांच्या कोवळ्या नारळास देठाजवळ भोक पाडून तो आतील गर खातो आणि असे नारळ खाली गळून पडतात. पुष्कळ घरी याचा आळ वानरावर किंवा खारीवर जातो व बंदूक त्यांच्यावर चालते. खोडावर जमिनीपासून सुमारे २ मीटर उंचीवर ४० सेंटिमीटर रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळून बसविल्यास उंदराची चढण बंद होते. मात्र झावळ्या शेजारच्या माडास अगर घराच्या छपरास टेकत असतील, तर त्या आधी तोडाव्यात, आणि शेंड्यात अगोदरच घर करून राहिलेल्या उंदरांचा निकाल लावून मगच पत्रा ठोकावा.

पेरणीपूर्वीचा उन्हाळा या कामास योग्य असतो. त्या वेळी रानात खाद्य कमी असते व पावसाळ्यातील वीण सुरू झालेली नसते. आळीतील सर्व घरांनी एकाच आठवड्यात बिळे लिंपणे व सापळे मांडणे केल्यास, एका घरातून हुसकलेल्या उंदरास दुसऱ्या घरी थारा मिळत नाही.