दारावर पाटी दुसऱ्याची

प्रश्न : नल्लकुंट्यात खोली भाड्याने घेऊन शिकतो. इमारतीत सगळ्यांना मिळून एकच वाय-फाय. कालपासून मॅकबुकवर टर्मिनल उघडलं की माझ्या युजरनेमशेजारी कुणाच्या तरी फोनचं नाव येतं. सेटिंग्जमध्ये मात्र माझंच नाव आहे. लॅपटॉप हॅक झाला का?
– एक विद्यार्थी, हैदराबाद

उत्तर : एवढ्यावरून घाबरू नका. मॅकला तीन नावं असतात. सेटिंग्जमध्ये दिसतं ते ‘कॉम्प्युटरनेम’, शेजारच्या यंत्रांना दिसतं ते ‘लोकलहोस्टनेम’ आणि तिसरं ‘होस्टनेम’. हे तिसरं बहुधा कोरंच असतं. मग मॅक नेटवर्कला विचारतो, ‘मला मिळालेल्या आयपी पत्त्यावर कोण राहतं?’ तो पत्ता आधी एखाद्या फोनकडे असेल आणि राउटरच्या वहीत जुनी नोंद राहिली असेल, तर त्या फोनचं नाव तुमच्या माथी येतं.

तुमच्या नल्लकुंट्याचंच बघा. तेलुगूत नल्ल म्हणजे काळं, कुंट म्हणजे तळं. पण आज तुमच्याकडे येणारा शंकर मठ विचारतो, नाहीतर फीव्हर हॉस्पिटल. तळं कोण शोधतो? नाव जागेला चिकटलं. राउटरच्या वहीतही नाव पत्त्याला चिकटतं, यंत्राला नाही.

खात्री करायची तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जाऊन टर्मिनल नव्याने उघडा. परकं नाव गेलं, तर ते वाय-फायकडूनच आलं होतं.

उपाय एका ओळीचा : सुडो एससीयूटिल --सेट होस्टनेम, पुढे तुमचं नाव. हे रोमन लिपीत टाइप करा. ‘होस्टनेम’मधले एच आणि एन मोठे, ‘सेट’आधी दोन जोडरेघा. नावात फक्त रोमन अक्षरं, अंक आणि मधे जोडरेघ. रिकामी जागा नको. पासवर्ड देताना पडद्यावर काही उमटत नाही, तरी टाइप करत राहा. मग टर्मिनलची नवी खिडकी उघडा.

प्रश्न : उबुंटूवर होस्टनेम बदललं. आता सुडो दर वेळी ‘होस्ट सापडत नाही’ अशी कुरकुर करतं.
– एक वाचक

उत्तर : ‘ईटीसी’ फोल्डरातल्या ‘होस्ट्स’ फाइलमध्ये 127.0.1.1 समोर जुनंच नाव राहिलं असणार. तिथे नवं लिहा.

जाता जाता दोघांनाही : एसएसएचने दुसऱ्या यंत्रात शिरलात, तर तिथलं नाव दिसणं बरोबरच आहे. फाइली पुसण्याची आज्ञा देण्याआधी आपण कुणाच्या घरात उभे आहोत, हे त्या पाटीवरूनच कळतं.